‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिलं आणि 180 बॉक्स गेले

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ऑगस्टचा शनिवार, भुशी डॅमच्या रस्त्याला गाड्यांची रांग, दुकानात चिक्कीला आणि रेनकोटला सारखीच गर्दी. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे एका कंपनीच्या मॅडम.

“आमचे बॉक्स सोमवारी सकाळी पोचतील ना?”

मी म्हटलं, “मॅडम, तुमचा ॲडव्हान्सच आला नाही.”

“कुठला ॲडव्हान्स?”

झालं होतं असं. बेंगळुरूच्या या कंपनीचे लोक दोन दिवसांच्या मीटिंगसाठी लोणावळ्यात येणार होते. प्रत्येकाला चिक्कीचा एक बॉक्स द्यायचा, असे 300 बॉक्स, दर 160 रुपये. म्हणजे 48,000 ची ऑर्डर, माझ्यासाठी तोपर्यंतची सगळ्यात मोठी. निम्मे पैसे आधी, हा आमच्या दुकानाचा नियम. मोठी कंपनी आहे, तर इंग्रजीत नीट लिहावं म्हणून मी अर्धा तास बसून मेसेज तयार केला : “विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट दॅट युवर एस्टीम्ड ऑर्डर इज ॲक्सेप्टेड ॲज पर अवर टर्म्स. काइंडली डू द नीडफुल अँड ऑब्लाइज.”

टर्म्स कुठे होत्या? रेट लिस्टच्या दुसऱ्या पानावर, खाली. मॅडमना वाटलं, ऑर्डर पक्की झाली, आता आपण फक्त पत्ता कळवायचा. त्यांनी हॉटेलचा पत्ता पाठवला आणि लिहिलं, “डन”. मला वाटलं, पैसे टाकतायत. त्या बॉक्सची वाट बघतायत, मी पैशांची. आठ दिवस!

ऐन सीझनमध्ये दीड दिवसात आमच्या कारागिरांकडून 120 बॉक्स झाले. बाकीचे 180 त्यांनी दुसरीकडून घेतले. 28,800 रुपयांचा धंदा गेला. चूक मॅडमची नव्हती. माझा मेसेज पुन्हा वाचा. त्यात रक्कम नाही, तारीख नाही, खातं नाही. पैसे हा शब्दसुद्धा नाही. आदर मात्र भरपूर आहे.

हे इंग्रजी मी शिकलो कुठून? 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा मी पाचवीत होतो, म्हणजे आमची जुन्या पद्धतीची बॅच. धाकटी बहीण पहिलीत एबीसीडी गिरवायची आणि मी पाचवीत तेच. पुढे पत्रलेखन आलं. पहिलं पत्र कुठलं? मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज. बेग टु स्टेट, सफरिंग फ्रॉम फीव्हर, काइंडली ग्रँट, अँड ऑब्लाइज. पाठ करायचं आणि पाचपैकी चार मार्क घ्यायचे. घरात आजोबांची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, पुन्हा मराठी वाक्य. एकोणिसाव्या शतकातलं पुस्तक, पण महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या त्यावरच इंग्रजी शिकल्या. इतक्या, की ‘तर्खडकरी इंग्रजी’ हा शब्दच मराठीत रुळला. कॉलेजात रेन अँड मार्टिनचं व्याकरण आलं, तेही 1930 च्या दशकातलं. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. बीबीएला वाटलं, आता तरी धंद्याचं इंग्रजी मिळेल. तर गाइडमध्ये काय, ‘फिफ्थ इन्स्टंट’ म्हणजे चालू महिन्याची पाच तारीख आणि ‘प्रॉक्सिमो’ म्हणजे पुढच्या महिन्याची. कुठल्या गिऱ्हाइकाला असं लिहिणार?

या पुस्तकांना मी नावं ठेवत नाही. ज्या कामासाठी ती लिहिली, ते काम त्यांनी चोख केलं. तेव्हा इंग्रजी शिकायचं म्हणजे सरकारी कचेरीत, रेल्वेत, कोर्टात चिकटायचं. तिथे ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ अशी सही करायची पद्धतच होती. साहेब लोकसुद्धा वरच्या साहेबाला तसंच लिहायचे. आमचा भुशी डॅमच बघा ना. जीआयपी रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून तो बांधला. इंजिनं कधीच गेली, डॅम राहिला, आता पायऱ्यांवर बसून लोक भिजतात आणि भजी खातात. डॅमला दुसरं काम मिळालं. पत्रातल्या त्या वाक्यांना मात्र आपण अजून जुनंच काम सांगतोय.

गंमत म्हणजे साहेबाने स्वतःच ते सोडायला घेतलं. 1948 मध्ये अर्नेस्ट गॉवर्स यांचं ‘प्लेन वर्ड्स’ नावाचं पुस्तक इंग्लंडमध्ये निघालं. तिथल्या सरकारी नोकरांना सरळ, साधं कसं लिहावं हे शिकवायला. आपण तेव्हा नुकते स्वतंत्र झालो होतो आणि तो अर्ज आपण जपून ठेवला.

आता, जुनं म्हणजे टाकाऊ, असं मी म्हणणार नाही. इंग्रजीच्या वहीत पाऊस पडला की कुत्री-मांजरं पडायचीच. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’. जोनाथन स्विफ्टच्या 1738 च्या पुस्तकात हा प्रयोग आहे, म्हणजे चांगला पावणेतीनशे वर्षं जुना. डॅमजवळ कणीस विकणाऱ्या आमच्या एका पोराने परदेशी पाहुण्यांना तो ऐकवला, तर ते खूश होऊन हसले आणि दोन कणसं जास्त घेऊन गेले. आपण नाही का ‘मुसळधार’ म्हणत? मुसळ किती घरांत उरलंय? पण शब्द ऐकला की पाऊस दिसतो. बिलबुकावर खाली छापलेलं ‘ई. अँड ओ. ई.’ बघा. चुकभूल देणेघेणे, एवढाच त्याचा अर्थ. ते राहू द्या. नगरपरिषदेत अर्ज देताना ‘सविनय सादर’ लिहा, तिथली ती रीत आहे. प्रश्न शब्द किती जुना हा नाही. तो वाचून समोरच्याला काय करायचं ते कळतं का, हा आहे. ‘नीडफुल’ म्हणजे ‘जे काही करायचं ते’. ऑफिसात एकत्र काम करणाऱ्या दोघांना ते ‘जे काही’ आधीच माहीत असतं. नव्या गिऱ्हाइकाला कसं माहीत असणार?

पण माझी खरी अडचण इंग्रजी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. मला पैसे मागायची लाज वाटत होती. ‘24,000 रुपये मंगळवारपर्यंत टाका’ हे एवढ्या मोठ्या कंपनीला लिहायला हात धजेना. आणि शाळेने नेमकं लपायला जागा असलेलं इंग्रजी शिकवलं होतं. आपण बारा वर्षं जी पत्रं पाठ केली, ती बहुतेक खालून वर लिहिलेली. रजा द्या, फी माफ करा, नोकरी द्या. दुकानदार गिऱ्हाइकाकडे काही माफ करून मागत नाही. तो माल देतो आणि पैसे घेतो. मराठीत हे आपल्याला बरोबर जमतं. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाला ‘कृ. सा. न. वि. वि.’ लिहिणारा दुकानदार मी अजून पाहिला नाही. इंग्रजी आलं की तोच माणूस एकदम अर्जदार होतो.

ट्रेनिंगला मावळातल्या एक ताई येतात, दोन खोल्यांचा होमस्टे चालवतात. त्यांचा ठरलेला मेसेज ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू व्हायचा आणि ‘होपिंग फॉर युवर काइंड कन्सिडरेशन’वर संपायचा. भाडं कुठेच नाही! त्यांना म्हटलं, आधी मराठीत सांगा, शेजारणीला सांगाल तसं. त्या म्हणाल्या, “खोली दोन हजार, जेवण वेगळं, हजार आधी द्या, मग खोली धरून ठेवते.” तेच चार तुकडे साध्या इंग्रजीत केले. व्याकरणाची एक चूक राहिली होती, ती मी मुद्दाम तशीच ठेवली. अर्थ पोचत होता.

त्या कंपनीने मागच्या वर्षी पुन्हा विचारलं. यावेळी मी लिहिलं : 250 बॉक्स, दर 170, एकूण 42,500. त्यातले 21,250 गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत या खात्यावर पाठवा, पैसे आल्यावर पॅकिंग सुरू करू. पाठवताना पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू. वीस मिनिटांत पैसे आले, खाली एक अंगठा.

बाबा गल्ल्यावर बसले होते. दहावीपर्यंत शिकलेले, पण याच रस्त्यावर तीस वर्षं दुकान चालवलंय. त्यांना स्क्रीन दाखवली, मराठीत वाचून दाखवलं. म्हणाले, “मी फोनवर हेच तर सांगतो. तू तेव्हा अर्धा तास काय लिहीत बसला होतास?”