नाव नसलेला सैनिक

अतिवास्तववादाचा विषय निघाला की ब्रेताँ, दाली, एर्न्स्ट ही नावे घेतली जातात. स्त्री येते ती त्यांची प्रेयसी म्हणून. क्लोद काअं या चौकटीत बसत नाही, म्हणून तिचे जीवन तपासणे मला अगत्याचे वाटते.

१८९४ साली फ्रान्समधील नान्त शहरात ती जन्मली. मूळ नाव ल्यूसी श्वॉब. वडील ज्यू घराण्यातले, वृत्तपत्राचे मालक. तरीही ज्यूद्वेषाचे चटके तिला शाळेतच बसले. हजेरी घेताना आडनावापाशी आवाज खाली नेणारी मुले मी वर्गात पाहतो. क्लोदने आवाज चढवला. वडिलांच्या आईचे, अधिक उघडपणे ज्यू असलेले काअं हे आडनाव तिने घेतले. आणि क्लोद हे असे नाव, जे फ्रेंचमध्ये स्त्रीचेही असते, पुरुषाचेही.

चित्रकार सुझान मालेर्ब ही तिची जन्माची जोडीदार. १९१७ मध्ये क्लोदच्या वडिलांनी सुझानच्या विधवा आईशी लग्न केले आणि या प्रेयसी नात्याने सावत्र बहिणी ठरल्या. मुंडण, पुरुषी वेश, मुखवटे अशी क्लोदची गाजलेली छायाचित्रे म्हणजे या सहजीवनाचीच निर्मिती.

१९३४ च्या पुस्तिकेत तिने प्रचारकी कवितेला विरोध केला. निष्कर्ष कवीनेच सांगून टाकला, तर वाचकाला करायला काही उरत नाही. कवितेने विचार सुरू करून द्यावा आणि तो अपुरा सोडावा, असे तिचे म्हणणे.

ही पळवाट होती काय? उत्तर जर्सी बेटावर मिळाले. दोघी १९३७ मध्ये तेथे राहायला गेल्या. १९४० मध्ये जर्मन फौजांनी बेट व्यापले. ज्यूंनी नोंदणी करावी हा हुकूम क्लोदने पाळला नाही. दोघी जर्मन भाषेत चिठ्ठ्या लिहू लागल्या. खाली सही ‘नाव नसलेला सैनिक’. युद्धाला कंटाळलेला एक जर्मन शिपाईच दुसऱ्याशी बोलतो आहे, असा त्यांचा सूर. या चिठ्ठ्या सिगारेटच्या पाकिटांत, उभ्या मोटारींत सापडत. जुलै १९४४ मध्ये दोघींना अटक झाली, पुढे मृत्युदंड सुनावला गेला. तो अमलात आला नाही. मे १९४५ मध्ये त्या सुटल्या. क्लोद १९५४ मध्ये वारली.

कविता की घोषणा, हा वाद आपल्याकडेही झडत आला आहे. घोषणा आपल्या माणसाला बळ देते, ते हवेच. पण शत्रूच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनात संशय पेरायचा, तर कोणती भाषा लागेल? आपल्या लेखकांनी हा प्रश्न टाळू नये.