बाई, ताई आणि तानपुरा

‘मुलीला गाणं येतं का हो?’

पूर्वी मुलगी पाहायला आलेली मंडळी हा प्रश्न हमखास विचारायची. पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या जायच्या, कुणीतरी पेटी पुढे सरकवायचं आणि मुलगी मान खाली घालून एखादं नाट्यगीत नाहीतर भावगीत म्हणायची. मुलगी पसंत पडायची, लग्न व्हायचं आणि पेटी जायची माळ्यावर! ज्या गाण्यानं ती पसंत पडली, त्याच गाण्याला सासरी दिवसातला अर्धा तासही मिळायचा नाही. आता पाहण्याच्या कार्यक्रमांची तऱ्हा बदलली. पण ‘लग्नाआधी मी चार वर्षं गाणं शिकत होते,’ असं सांगणारी एखादी जण आजही हळदीकुंकवाला भेटतेच.

मग ज्यांचं गाणं सुटलं नाही, त्यांना ते जमलं कसं? त्यांना का संसार नव्हता, मुलंबाळं नव्हती? होती तर! हिंदुस्थानी संगीतातल्या आपल्या या थोर गायिकांच्या घरात जरा डोकावून पाहू या.

तिकीट लावून गाणारी बाई

एक काळ असा होता, की घरंदाज बाईनं चारचौघांत गाणं म्हणजे अब्रू गेलीच. गाणं असायचं कलावंतिणींचं आणि ऐकायला जायचे पुरुष. बैठकीत गाणारीला ‘वाहवा’ मिळायची. पण तिला आपल्या घरी मानानं पानावर बसवणारे थोडेच. १९०१ साली पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि हळूहळू सर्वसाधारण घरांतल्या मुलामुलींसाठी गाण्याचं दार किलकिलं झालं. तरी शिकणं वेगळं आणि लोकांसमोर गाणं वेगळं.

ही वाट मोकळी करण्यात मोठा वाटा हिराबाई बडोदेकरांचा (१९०५–१९८९). उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही मुलगी. आईवडील वेगळे झाले आणि पाच मुलांचा भार ताराबाईंवर आला. गाणं हाच या घराचा आधार होता. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. अशा जलशांची सुरुवात करणारी गायिका म्हणूनच त्यांचं नाव घेतलं जातं. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण तिकीट काढून कुणीही यावं, बायकामुलांना बरोबर घेऊन यावं आणि उजळ माथ्यानं ऐकावं, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती! साधी राहणी, शालीन बैठक आणि गोड, शांत गाणं. त्यांना ऐकून परतताना आपल्या मुलीनंही असं गायला काय हरकत आहे, असं आईबापांना वाटू लागलं.

आईनं दिलेलं गाणं

मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) गोव्यातल्या कुर्डी गावच्या. (हे गाव पुढे साळावलीच्या धरणात बुडालं.) लेकीनं मोठी गायिका व्हावं हा आईचा ध्यास होता; पण मोगूबाई लहान असतानाच आई गेली. सांगलीला त्यांचा रियाज उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या कानांवर पडला आणि तालीम सुरू झाली. खाँसाहेब मुंबईला गेले, तशा त्याही मागोमाग मुंबईला आल्या. मधे खंड पडला, दुसऱ्या गुरूंकडे जावं लागलं. अखेर खाँसाहेबांचा गंडा बांधायला १९३४ साल उजाडलं. थोरली किशोरी तेव्हा अगदी लहान होती. पुढे पती गेले. पदरात तीन मुलं. मैफली आणि शिकवण्या यांवर त्यांनी घर चालवलं आणि लेकीला गाणंही दिलं.

ही लेक म्हणजे किशोरी आमोणकर. आईच्या मागे तानपुरा घेऊन बसताना आईला कशी वागणूक मिळते, किती बिदागी मिळते, उतरायला कशी जागा मिळते, हे सारं ती पाहत होती. पुढे किशोरीताई मैफलीत कुणी बोललेलं खपवून घेत नसत, व्यवस्थेत कमीजास्त झालं तर स्पष्ट सुनावत. लोक म्हणायचे, ‘फार बाई तापट!’ पण आईचा अपमान ज्या मुलीनं जवळून पाहिला, तिनं आपल्या गाण्याचा मान मागून घेतला तर नवल कसलं?

धारवाडच्या गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांच्या आईची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. लेकीचा ओढा हिंदुस्थानी गाण्याकडे. आपल्या गाण्याचा परिणाम लेकीच्या गळ्यावर होऊ नये, म्हणून या माउलीनं स्वतःचं गाणंच बंद केलं! पुढे गंगूबाई हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. घरी लहान मुलं, येता-जाता लोकांचे टोमणे. घशाच्या दुखण्यानंतर आवाज बदलला, जाड झाला. दुसरी एखादी खचली असती. गंगूबाईंनी तोच आवाज आपला मानला. पुढे त्यांची मुलगी कृष्णा आईच्या मागे बसून वर्षानुवर्षं गायली.

नवऱ्याचा वाटा

आणि नवरे? तेही पाहू. अजमेरच्या मालिनी वैद्य एका शाळेत गणित शिकवत. गाणं शिकता शिकता गुरूंच्या पुतण्याशी, वसंतराव राजूरकरांशी त्यांचं लग्न झालं आणि त्या हैदराबादला आल्या. नवराच गुरू! मालिनीताईंचा (१९४१–२०२३) टप्पा ऐकायला पुण्यामुंबईचे रसिक जिवाचे कान करून बसत. माणिक वर्मांना (१९२६–१९९६) तर चार मुली. ख्याल, नाट्यगीत, भावगीत सगळं गायल्या आणि १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून घरोघर पोचलेल्या गीतरामायणातही त्यांचा आवाज होता.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. अन्नपूर्णादेवींनी (१९२७–२०१८) वडिलांकडून, बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडून, सुरबहारची विद्या घेतली. १९४१ साली पं. रविशंकरांशी त्यांचं लग्न झालं. काही वर्षांनी त्यांनी लोकांसमोर वाजवणं सोडलं, ते कायमचंच. मुंबईतल्या घरात बसून त्यांनी मोठमोठे शिष्य घडवले. पण श्रोत्यांना त्या मिळाल्या नाहीत. संसारात नेमकं काय झालं, याच्या खूप कथा सांगितल्या जातात. आपण त्यात न शिरलेलं बरं. आपलं केवढं नुकसान झालं, एवढं मात्र कळतं.

बाईची झाली ताई

एक गंमत तुमच्या लक्षात आली का? हिराबाई, केसरबाई, मोगूबाई, गंगूबाई या सगळ्या ‘बाई’. त्यांच्या पुढच्या पिढीतल्या माणिकताई, किशोरीताई, प्रभाताई, मालिनीताई. आपण शाळेतल्या शिक्षिकेलाही मानानं ‘बाई’ म्हणतो. पण गाणारीच्या नावापुढच्या ‘बाई’त पूर्वी वेगळाच अर्थ भरलेला असायचा. पुरुष गायक हिंदू असला तर पंडित होतो, मुसलमान असला तर उस्ताद. बायका मात्र बाईच राहतात, याकडे गंगूबाईंनीच बोट दाखवलं होतं. त्याच गंगूबाईंना आणि किशोरीताईंना २००२ साली एकदमच पद्मविभूषण मिळालं, आणि २०२२ साली प्रभा अत्रे यांना.

केसरबाई केरकरांनी (१८९२–१९७७) तर सगळ्यांवर कडी केली. १९७७ साली अमेरिकेनं अंतराळात दोन व्हॉयेजर यानं सोडली. पृथ्वीवरच्या निवडक संगीताची तबकडी त्यांत ठेवली होती. त्यात भारताचा आवाज म्हणून केसरबाईंची भैरवी आहे. दुसरं यान सुटलं आणि दोन आठवड्यांच्या आतच केसरबाई गेल्या. त्यांची भैरवी अजून दूर दूर चालली आहे.

तुमचं गाणं कसं सुरू कराल?

आपल्याला काही केसरबाई व्हायचं नाही. पण सुटलेलं गाणं पुन्हा धरता येतं. त्यासाठी काही साध्या गोष्टी:

वेळ ठरवून टाका, मग तो अर्धा तास का असेना. पहाटे घर जागं व्हायच्या आधी किंवा दुपारी झाकपाक झाल्यावर. भाजी चिरता चिरता गुणगुणणं छान. पण तो रियाज नव्हे. दार लावून बसा.

पहिली दहा मिनिटं खालच्या सुरांवर, म्हणजे खर्जात, सावकाश आकार लावा. लग्नाआधीची पट्टी आता झेपेलच असं नाही. हट्ट न धरता अर्धा-एक सूर खाली या. घसा दुखत असेल त्या दिवशी नुसतं ऐका.

तानपुरा नसला तरी अडत नाही; आता मोबाईलवरही तानपुरा मिळतो. भूप किंवा यमन असा एकच राग दोन-तीन महिने धरा. जवळपास शिकवणाऱ्या बाई असतील तर आठवड्यातून एकदा जा. चुका आपल्या आपल्याला ऐकू येत नाहीत.

आणि घरात स्पष्ट सांगा, ‘या अर्ध्या तासात मला हाक मारू नका.’ पहिले आठ दिवस कुणाला मोजे सापडणार नाहीत, कुणाला चहा हवा असेल. नवव्या दिवसापासून सापडू लागतात!

आणखी एक. आपण मुलीला हौसेनं गाण्याच्या क्लासला घालतो. उद्या आपल्या घरात सून येईल, तीही कुणाची तरी शिकलेली मुलगी असेल. तिच्या सामानात तानपुरा असला, तर तो कुठं ठेवायचा ते आधीच ठरवून ठेवू या.