पाटसचा रसिक आणि पुण्याचें नाटक

पाटसचा रसिक पुण्यास नाटक पाहावयास निघतो, तेव्हां त्याच्यापुढें खरा प्रश्न तिकिटाचा नसून परतीच्या गाडीचा असतो. लोहमार्गानें अंतर ६० किलोमीटरांहून थोडेंच अधिक. परंतु रात्रीचा प्रयोग मध्यरात्रीच्या सुमारास संपतो, आणि शेवटचा अंक सोडून उठणें म्हणजे वाढलेल्या पानावरून अर्धपोटीं उठणें होय.

पूर्वीं ही अडचण नव्हती. १८८० सालीं पुण्यांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, व पुढें संगीत नाटकें रात्र रात्र रंगूं लागलीं. परगांवच्या प्रेक्षकास पडदा पडल्यावर थेट पहाटेची गाडी गांठतां येई. पुढें प्रयोग आटोपशीर झाला, आणि परतीचा प्रवास मात्र अवघड झाला!

यावर उपाय सोपा आहे. शनिवारीं दुपारीं पुण्यास यावें, सायंकाळचा प्रयोग पाहावा, व मुक्काम आप्तांकडे करावा. रविवारीं सकाळीं बालगंधर्व रंगमंदिराचा परिसर निवांतपणें पाहावा. या वास्तूचें भूमिपूजन १९६२ सालीं स्वतः बालगंधर्वांच्या हस्तें झालें. १९६८ च्या २६ जूनला, त्यांच्या जन्मदिनीं, तिचें उद्घाटन झालें, तेव्हां मात्र ते हयात नव्हते. नंतर दुपारचा प्रयोग पाहून दिवेलागणीच्या सुमारास घरीं पोंचावें.

दोन दिवसांत दोनच नाटकें. तिसऱ्याचा मोह आवरावा. पाहिलेलें नाटक मनांत मुरावयास अवकाश लागतो, आणि तो गाडीच्या खिडकीशीं पाटस येईपर्यंत पुरेपूर लाभतो.