मणक्यातील वाट मोकळी झाली, तरी वेदना का राहते?

जालना, प्रतिनिधी : अंबड, घनसावंगी, परतूर भागात कापसाच्या हंगामात दिवसभर वाकून वेचणी करणारी उतारवयातील स्त्री सायंकाळी घराकडे निघते, तेव्हा वाटेत तिचे पाय जड होऊ लागतात. बांधावर टेकून पुढे वाकले, की काही मिनिटांत ते हलके होतात. 'मणक्यात गॅप पडली' असे या दुखण्याला सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात घडलेले असते ते जवळजवळ उलट. कमरेच्या मणक्यांमधून चेतातंतू ज्या पोकळीतून जातात, तीच अरुंद झालेली असते.

वयोमानानुसार चकती झिजते, सांधे वाढतात, अस्थिबंध जाड होतात आणि पोकळी आक्रसते. ताठ उभे राहिल्यास ती अधिक आवळते, वाकल्यास किंचित सैल होते. म्हणूनच अशा रुग्णाला सायकल चालवता येते, पण ताठ उभ्याने फार चालवत नाही. डच शल्यविशारद हेंक वर्बीस्ट यांनी १९५४ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले.

मात्र काहींची वेदना बसल्यावरही थांबत नाही. ती पाठभर पसरते, झोप उडवते. साधा स्पर्शही बोचतो. दीर्घकाळ वेदनेचे संदेश येत राहिल्याने मज्जारज्जू व मेंदूतील पेशी अतिसंवेदनशील होतात आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवून ठेवावा तसा बारीकसा संदेशही मोठा होऊन पोहोचतो. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये लंडन येथे उंदरांवरील प्रयोगांतून मज्जारज्जूतील हा बदल दाखवून दिला.

एमआरआयमध्ये हे दिसत नाही. तेथे पोकळी फार अरुंद दिसूनही त्रास नसलेली माणसे आढळतात. त्यामुळे 'फोटोत विशेष काही नाही' म्हणून सुनेच्या किंवा सासूच्या दुखण्याला ढोंग ठरवणे अन्यायाचे आहे.

शस्त्रक्रियेने पोकळी मोकळी होते आणि अनेकांचे चालणे सुधारते. वाढलेली संवेदनशीलता मात्र तिने उतरेलच असे नाही. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतरही वेदना राहण्याची शक्यता अधिक असते. तेव्हा जमिनीचा तुकडा विकून खर्च उभा करण्यापूर्वी 'दुखणे पायांत उतरते की अंगभर आहे, वाकल्याने थांबते का' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. हळूहळू वाढवलेला व्यायाम, पुरेशी झोप आणि प्रसंगी नैराश्यावर दिली जाणारी काही औषधे याही वेदनेवर उपयोगी ठरतात. चिठ्ठीवर तसे औषध दिसले म्हणून रुग्णाला वेड लागले, असा अर्थ काढू नये.

लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेतील जागा बधिर होणे, पायांतील शक्ती झपाट्याने जाणे यांपैकी काहीही दिसल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.