डेटाबेसची प्रत्येक चूक अलर्ट लॉगमध्ये जाते का?

अ‍ॅपवर 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असा मेसेज येतो. आपण वैतागून पुन्हा बटण दाबतो. पण सर्व्हरवर नेमकं काय बिघडलं, याची नोंद कुठे होते का? अनेक बँका आणि मोठ्या कंपन्या वापरतात त्या ओरॅकल डेटाबेसचं उदाहरण घेऊन समजून घेऊया.

अलर्ट लॉग म्हणजे काय?

ही डेटाबेसने स्वतःच लिहिलेली रोजनिशी. डेटाबेस कधी सुरू झाला, कधी बंद केला, कोणती सेटिंग्ज बदललेली होती, हे त्यात वेळेसह लिहिलं जातं. २००७ मध्ये आलेल्या ११जी आवृत्तीपासून ही नोंद साध्या मजकुराबरोबर एक्सएमएलमध्येही ठेवली जाते.

कोणत्या चुका इथे सापडत नाहीत?

पासवर्ड चुकला (ओरा-०१०१७), नसलेल्या टेबलमधून माहिती मागितली (ओरा-००९४२) किंवा एकच क्रमांक दोनदा भरला (ओरा-००००१), तर ती चूक आज्ञा देणाऱ्याची. डेटाबेस ठणठणीत असतो. म्हणून उत्तर फक्त त्या वापरकर्त्याला किंवा अ‍ॅपला मिळतं. 'लॉगिन होत नाही' म्हणून अलर्ट लॉग चाळत बसलात, तर सहसा हाती काही लागणार नाही.

मग कोणत्या सापडतात?

ज्यांचा संबंध डेटाबेसच्या तब्येतीशी आहे, त्या.

- ओरा-००६००: ओरॅकलच्या आतल्या कोडमध्येच अनपेक्षित काही घडलं.
- ओरा-०१५७८: डिस्कवरचा डेटाचा एक ब्लॉक खराब झाला. कोणत्या फाइलमधला कितवा ब्लॉक, हेही लिहिलेलं असतं.
- ओरा-०१६५३: टेबल वाढवायला जागाच उरली नाही.
- ओरा-०००६०: डेडलॉक. दोन व्यवहार एकमेकांनी अडवलेल्या ओळींची वाट बघत बसले. ओरॅकल त्यातल्या एकाची आज्ञा रद्द करून कोंडी फोडतो.

डेडलॉकचं मूळ बहुतेकदा अ‍ॅपच्या रचनेत असतं, तरीही त्याची नोंद इथे होते.

हे वाचलं नाही तर?

बॅकअप आणि जुन्या लॉग फाइल्ससाठी राखलेली जागा ८५ टक्के भरली की अलर्ट लॉगमध्ये इशारा येतो. तो कुणी पाहिला नाही आणि जागा पूर्ण भरली, की जुने लॉग साठवणं थांबतं आणि काही वेळात डेटा बदलणारे व्यवहार अडकतात. ग्राहकाला मात्र फक्त फिरणारं चक्र दिसतं.

खराब ब्लॉकचं दुखणं आणखी छुपं. तो ब्लॉक कुणी वाचेपर्यंत बिघाड कळतच नाही. नोंद वेळेत पाहिली, तर चांगल्या बॅकअपमधून तेवढाच ब्लॉक दुरुस्त करता येतो. उशीर झाला आणि दरम्यान जुने बॅकअप नियमाप्रमाणे पुसले गेले, तर चांगली प्रत शिल्लक राहीलच याची खात्री नाही.

म्हणूनच डेटाबेस सांभाळणारे या कोडवर स्वयंचलित सूचना लावून ठेवतात. 'ओरा-' ने सुरू होणारी ओळ लॉगमध्ये आली, की मेल किंवा मेसेज जातो. तशी सोय नसेल, तर दिवसातून एकदा फाइल उघडून हे चार कोड आणि जागेचा इशारा शोधणं, एवढं तरी करायलाच हवं.