मोडीला क्रमांक मिळाले, वाचक कधी मिळणार?

खान्देशातल्या चाळीसगाव तालुक्यात जुनं खरेदीखत किंवा वाटणीपत्र निघालं आणि ते मोडी लिपीत असलं, की घर अडतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा ही अडचण राज्यभर जाणवली. दप्तरं होती, वाचणारे मोजकेच.

मोडी घडली ती कारकुनाच्या घाईसाठी. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा काच नाही, दोन शब्दांत जागा सोडायची सक्ती नाही. नेहमीचे शब्द तर एखाद्या अक्षरावर भागवायचे. काना-मात्रा जोडताना मूळ अक्षराचंच रूप पालटतं. त्यामुळे छपाईचे खिळे जुळवणाऱ्याला ही लिपी जड गेली. विल्यम केरी यांनी १८१० चा मराठी शब्दकोश मोडी टाइपात छापला खरा, पण छापखान्यात पुढे बाळबोध, म्हणजे देवनागरीच रुळली.

संगणकात मोडीला जागा मिळाली ती जून २०१४ मध्ये. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या ७.० आवृत्तीत तिची ७९ चिन्हं आली: स्वर, व्यंजनं, मात्रा, अंक, शिवाय संक्षेपाची खूणही. 'अ'चा क्रमांक U+11600. हा क्रमांक अक्षराचा असतो, वळणाचा नव्हे. चिटणिसी वळणाचा 'क' आणि बिवलकरी वळणाचा 'क' संगणकाला एकच. वळण दाखवणं हे फॉन्टचं काम. पूर्वी देवनागरी किंवा रोमन अक्षरांच्या जागी मोडीची चित्रं बसवलेले फॉन्ट असत. तोच फॉन्ट समोरच्याकडे नसला, की मजकुराचा विचका.

क्रमांकामुळे मजकूर शोधता येतो. मात्र आधी तो कुणीतरी वाचून टाइप करावा लागतो. नुसतं स्कॅन केलेलं पान हे चित्रच. खान्देशाला जुने कागद वाचण्याचं हे काम नवं नाही. जुनी दप्तरं धुंडाळणारे इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. दुसऱ्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं.

घरात मोडी कागद असेल तर त्याला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सावली न पाडता स्पष्ट फोटो काढा आणि जाणकाराकडून वाचून घ्या. घरातल्या एका तरुणाने मोडी शिकून घेतली, तर फारच उत्तम.