सड्याचा उतार सांगतो पोटातला दगड

शेतकरी बंधूंनो, लोट्याच्या सड्यावर उभे राहून खाली कधी नीट पाहिलेत? वर सपाट जांभ्याचा कातळ, कडेला एकदम उतार, आणि त्या उतारावर कुठेतरी झरा. जमिनीच्या पोटात काय आहे, ते हा चढउतारच सांगत असतो. पावसाचे पाणी जांभ्याच्या छिद्रांतून मुरते, खालच्या मऊ चिकण थरावर अडते आणि कडेने बाहेर पडते. त्याच्याही खाली काळा दगड.

हा चढउतार आता आकड्यांत मिळतो. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या 'एंडेव्हर' यानाने ११ दिवसांत रडारने जगाचा बहुतेक भूभाग मोजला. आपल्या इस्रोने ५ मे २००५ रोजी कार्टोसॅट-१ सोडला. त्याचा एक कॅमेरा पुढे कललेला, दुसरा मागे. दोन डोळ्यांनी अंतर कळते तशी दोन चित्रांवरून उंची काढतात. साधारण ३० मीटरच्या चौकटीला एक आकडा. इस्रोच्या 'भुवन'वर तो फुकट आहे.

संगणक त्यावरून उताराचा नकाशा रंगवून देतो. उंचावर सपाट पट्टा दिसला की बहुधा जांभा, त्याची कड मोडते तिथे थराची शीव. नाला दोरी लावल्यासारखा सरळ गेला असेल, तर खाली दगडाला भेग असू शकते. विहिरीसाठी ती जागा बघून ठेवावी.

पण डोळे झाकून विश्वास नको हं. खाडीकाठची गाळवटही सपाटच, आणि कारखान्यासाठी यंत्राने सपाट केलेली जागाही. दाट झाडीत उंची शेंड्याची धरली जाते. तुमची विहीर तर ३० मीटरच्या चौकटीत बुडूनच जाते! एका बैठकीत एक आजोबा म्हणाले, "त्या पेटीला आमचा डोंगर काय कळतोय?" मग त्यांनीच बोटाने झरे दाखवले, सगळे नकाशावरच्या मोडत्या कडेला. म्हणजे दोघांचेही खरे. हातोडी घेऊन फिरणे मात्र सुटत नाही.

सरपंच मंडळींनी हे मनावर घ्यावे. जुलै २०२१ मध्ये आपल्याच खेड तालुक्यात पोसरे येथे दरड कोसळून माणसे गेली. घरकुलाची जागा ठरवण्याआधी उताराचा नकाशा मागा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे 'भूकोश'वर आहेत, तेही सोबत ठेवा. मे महिन्यात वाडीवार झऱ्यांची यादी करा: कोणता कधी आटतो, कुठे जमिनीला भेगा गेल्यात, कुठे झाडे कललीत. पावसात एखादा झरा अचानक गढूळ झाला, तर वरच्या उतारावर जाऊन बघत बसू नका. आधी वाडी हलवा नि तहसील कार्यालयाला कळवा.